उजनीच्या बेटावर सुरय आणि टिटव्यांची अंडी वाचवायची असतील तर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उजनीच्या काठावर, भिगवणच्या पुढे होडी चालवणारा एक तरुण विचारतोय की मार्चमध्ये धरणाचं पाणी उतरलं की गावासमोर एक बेट उघडं पडतं, त्याच्यावर नदी सुरय (पाण्यात सूर मारून मासे पकडणारा पक्षी, इंग्रजीत रिव्हर टर्न), टिटव्या आणि ते बारके आर्ली (इंग्रजीत प्रॅटिनकोल) अंडी घालतात, गेल्या उन्हाळ्यात बोटीतून आलेली माणसं तिथे उतरली, नंतर कुत्री पण पोचली आणि पिल्लं जवळजवळ निघालीच नाहीत. मग या वर्षी तारेचं कुंपण घालावं का, की अंडी उचलून सुरक्षित जागी ठेवावीत, की सरळ बोटीच बंद करायला लावाव्यात?

दादा, तिन्हींपैकी एकही करू नका. पण तुम्ही विचारलंत हेच खूप आहे, कारण या बेटाचं भलं पुण्यामुंबईहून येणारा कोणी करू शकत नाही, तिथे रोज होडी घालणारा माणूसच करू शकतो. थोडं लांबेल, पण सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. लोकांना वाटतं नुकसान म्हणजे अंडं पायाखाली येणं. येतातही, कारण यांचं घरटं म्हणजे वाळूत किंवा भेगाळलेल्या गाळात केलेला उथळ खळगा, कडेला चार खडे, शिंपल्यांचे तुकडे, टिटवीचं असेल तर शेळ्यांच्या वाळक्या लेंड्या, आणि अंडी मातकट रंगाची, वर काळे-तपकिरी डाग, दोन पावलांवरून पण दिसत नाहीत. पण मी भीमेच्या पट्ट्यात बरीच वर्षं या पक्ष्यांची वीण बघत आलोय आणि माझं स्पष्ट मत आहे की पायाखाली फुटतात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त अंडी माणूस तिथे नुसता थांबल्यामुळे जातात. अंड्याला हात लागत नाही, कोणाला वाईट काही करायचं नसतं, फोटो काढून माणसं खुशीत परत जातात आणि मागे अंडी मेलेली असतात.

कसं ते सांगतो. पक्षी अंड्यावर बसला म्हणजे ऊब देतो असं आपण शाळेत शिकलो. सोलापूर-इंदापूर भागात एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंशांच्या वर असते आणि उघडी वाळू पन्नाशी ओलांडते, तवाच असतो तो. अंड्याच्या आतलं तापमान ४०-४२ च्या वर थोडा वेळ जरी राहिलं तरी आतला जीव टिकत नाही. म्हणजे दुपारी अकरा ते चार सुरयाची मादी अंड्यावर असते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. बऱ्याचदा ती बसत पण नाही, पाय ताठ करून, पंख जरा सैल सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत अंड्यांवर नुसती उभी असते. लांबून दुर्बिणीतून बघा कधी. जोडीतला दुसरा पाण्यावर जातो, उथळ पाण्यात पोट बुडवतो, तसाच ओलाचिंब उडत येतो आणि ती बाजूला होते न होते तोच ओलं पोट अंड्यांवर टेकवतो. पिसातलं पाणी अंड्यांवर उतरतं आणि त्याने अंडी गार राहतात. टिटवी हेच करते, चिखल्या (टिटवीच्याच कुळातला बारका पक्षी, इंग्रजीत प्लोव्हर) आणि आर्लीही करतात. ऐन उन्हात ही ये-जा चालूच असते.

आता याच वेळी बेटाला बोट लागली की काय होतं? सगळी वसाहत एकदम उठते, डोक्यावर कालवा, सुरय झेपावून झेपावून येतात, अंगावर शिटतात, आणि लोकांना ते बघायला मजा वाटते म्हणून अजून पाच मिनिटं थांबतात. तेवढा वेळ बेटावरचं प्रत्येक अंडं उघड्या उन्हात असतं, फक्त तुमच्या समोरचं एक नाही. आणि कावळे. कावळा माणसाला घाबरत नाही, तो माणसाच्या मागे येतो, कारण माणूस आला की मालक उठतात हे त्याला चांगलं कळलेलं असतं. मी बघितलंय की बोट अजून वीस-तीस हात पण मागे गेलेली नसते आणि मागच्या अंगाने कावळा चालत येऊन अंडं घेऊन जातो. घारही तेच करते, पण कावळा जास्त.

म्हणून वेळ आणि अंतर, या दोन गोष्टी सांभाळल्या की अर्ध्याहून जास्त काम झालं. अंतर किती, हे सगळे विचारतात. फ्लोरिडात सुरय आणि पाणचिऱ्यांच्या (चोचीने पाणी चिरत उडणारे, सुरयाचेच भाईबंद) मिश्र वसाहतींवर मोजमाप करून १९९५ मध्ये साधारण १८० मीटर लांब राहा असं सुचवलं गेलं होतं. आपल्याकडचे सुरय मासेमारीच्या होड्यांना थोडे सरावलेले असतात, त्यामुळे सरळ रेषेत, न थांबता, हळू जाणारी होडी ते शंभर मीटरवर खपवून घेतात, पण तीच होडी वळून त्यांच्याकडे तोंड करून आली की लांबूनच उठतात. त्यामुळे मी आकड्यापेक्षा पक्ष्याकडे बघा असं सांगतो. बसलेल्या पक्ष्याने मान वर काढून तुमच्याकडे टक लावली म्हणजे तुम्ही पुरेसे जवळ आलात, तिथेच थांबायचं. एखादा उठून दोन पावलं चालला म्हणजे जास्त जवळ आलात, मागे फिरा. आणि टिटवी किंवा चिखल्या तुमच्यासमोर पंख मोडल्यासारखा फरपटत चालायला लागला तर समजा तुम्ही घरट्याच्या किंवा पिल्लांच्या अगदी जवळ उभे आहात. त्या वेळी कुठंय कुठंय म्हणून शोधायचं नाही, खाली बघत आल्या पावलीच परत निघायचं.

आता अंडी उचलण्याचं. हा विचार चांगल्या मनाने येतो आणि कोकणातली कासवांची उदाहरणं बघून येतो. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून ऑलिव्ह रिडलेची अंडी किनाऱ्यावरच्या हॅचरीत नेऊन जपायचं जे काम उभं केलं ते खरंच मोठं आहे. पण कासवीण अंडी घालून समुद्रात निघून जाते, पुढे त्या अंड्यांना आईबापाची गरज नसते, म्हणून जागा बदलून चालतं. पक्ष्याचं तसं नाही. सुरयाच्या पिल्लाला पुढचे कित्येक आठवडे आईबाप मासे आणून भरवतात. टिटवीचं पिल्लू स्वतः किडे वेचतं पण ऊन आणि गारठा दोन्हींपासून त्याला आईच्या पोटाखालीच जावं लागतं. अंडी हलवली की पक्षी नव्या जागी येईलच असं नाही, आणि इन्क्युबेटरमधून निघालेलं सुरयाचं पिल्लू तुम्ही जगवणार कसं? शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे त्यातच पक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंडी-घरट्यांना त्रास देणं येतं. चांगल्या हेतूने केलं तरी परवानगीशिवाय अंड्याला हात लावायचा नाही. पिल्लू उन्हात एकटं दिसलं तरी घरी आणायचं नाही, तुम्ही लांब गेलात की आई येते.

तारेचं कुंपण पण नको. तारेत पिल्लं अडकतात, पक्षी धडकतात, कावळ्याला बसायला खांब मिळतात आणि पाणी चढलं की ती तार तुमच्याच जाळ्यात येते. साधी दोरी पुरते. हे मी अंदाजाने सांगत नाहीये. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ कोल ऑइल पॉइंट नावाचा किनारा आहे, तिथे माणसांच्या वर्दळीमुळे स्नोई प्लोव्हर या चिखल्याची वीण कित्येक वर्षं बंदच पडली होती. २००१ मध्ये तिथे वाळूत खांब रोवून दोरी बांधली, पाट्या लावल्या आणि लोकांना प्रेमाने समजावायला स्वयंसेवक उभे केले, बस एवढंच, आणि पक्षी परत अंडी घालायला लागले, पिल्लं उडून गेली. दोरी कोणाला अडवत नाही हो, पण माणसाला कळतं की इथून पुढे आपलं काम नाही. आणि दोरीजवळ बोलणारा माणूस नसेल तर नुसत्या दोरीचा उपयोग फार थोडा होतो हेही तितकंच खरं.

तुमच्या बेटासाठी बांबू किंवा सरळ काठ्या, कमरेच्या खालपर्यंत उंच, वरचं टोक तासून अणकुचीदार केलेलं म्हणजे कावळा बसणार नाही, आणि त्यांना जाड सुती दोरी. नायलॉन वापरू नका, तुटला तर पाण्यात राहतो. दोरी घरट्यांच्या भोवती नाही, बेटाच्या ज्या बाजूला बोटी लागतात त्या बाजूला पाण्यालगत. आणि हे फेब्रुवारीतच करायचं, अंडी पडायच्या आधी. एप्रिलमध्ये खांब रोवायला गेलात तर तुम्हीच अर्धा तास सगळ्या वसाहतीला उठवून ठेवणार, त्यापेक्षा त्या वर्षी काही न केलेलं बरं.

कुत्र्यांचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. उजनीत मार्चमध्ये जे बेट असतं ते एप्रिल-मेमध्ये धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की काठाला जोडलं जातं, आणि मग कुत्री, कोल्हे, शेळ्या-मेंढ्या सगळं चालत येतं. चंबळेवर पाणचिऱ्यांच्या बाबतीत हेच होतं, नदी आटली की वाळूचं बेट काठाला मिळतं आणि एका रात्रीत कुत्री वसाहत साफ करतात. तिथे बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) गावातल्याच लोकांना घरट्यांचे राखणदार म्हणून नेमलं, त्यांनी कुत्री, गुरं, माणसं वळवायची. आपल्याकडे जी चिंचोळी पट्टी काठाला जोडली जाते ती आधीच ओळखून ठेवा, तुम्हाला ती माहीतच असणार, आणि पट्टी उघडी पडायला लागली की काठाकडच्या टोकाला, घरट्यांपासून लांब, बाभळीच्या काट्या आडव्या टाका, जशा शेताला टाकता तशा. त्याने कुत्रं शंभर टक्के थांबत नाही पण बरंचसं वळतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला कोणी तिथे नुसतं बसून राहिलं तर अजून चांगलं. आणि काठावर मासे साफ करून चिलापीची डोकी, आतडी तिथेच टाकायची सवय आहे ना, ती त्या बाजूला तीन महिने बंद करा, कारण कुत्र्यांचा आणि कावळ्यांचा मुक्काम त्याच्यामुळेच तिथे असतो.

आता बोटी. बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. रोहित पक्ष्यांमुळे तुमच्याकडे हिवाळ्यात चार पैसे येतात, भोई समाजातल्या कितीतरी पोरांनी मासेमारीसोबत गाईडचं काम धरलंय, आणि ज्याचं पोट पक्ष्यांवर आहे तोच पक्षी राखतो. अडचण अशी होते की रोहित परतीला लागले की गिऱ्हाईकाला दाखवायचं काय, मग होडी सुरयांच्या बेटाकडे वळते. तर दाखवा ना, पण योग्य वेळी योग्य गोष्ट दाखवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालायच्या आधी सुरयाचा नर मासा चोचीत धरून मादीपुढे येतो, झुकतो, मान वर करतो, ती मागते आणि तो भरवतो. पिवळीधम्मक चोच, काळं डोकं, समोरून सकाळचं ऊन, याच्यापेक्षा चांगला फोटो घरट्याचा येत नाही, आणि कोणाचं अंडं उन्हात पडत नाही. अंडी पडल्यावर पण सुरय मासे कुठे पकडतात ते तुम्हाला माहिती आहे, त्या जागी होडी उभी करा, पाण्यात सूर मारणारा पक्षी मिळतो. बेटासमोरून जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत, इंजिन हळू, थांबायचं नाही, उतरायचं तर नाहीच नाही. आणि हे सगळ्या होडीवाल्यांनी मिळून ठरवायला लागेल, कारण तुम्ही नाही म्हणालात आणि शेजारच्याने शंभर रुपये जास्त घेऊन उतरवलं तर तुमचंच नुकसान. एका काठाचे सगळे होडीवाले एकदा बसा आणि उतरवणाऱ्याला आठवडाभर नंबर नाही असं काहीतरी आपसात ठरवा. बाहेरच्या कोणी लादलेल्या नियमापेक्षा हे जास्त पाळलं जातं.

फोटोग्राफर मंडळींना माझं सरळ सांगणं आहे की जमिनीवर वीण करणाऱ्या पक्ष्याचा घरट्यावरचा, अंड्यांचा, पिल्लांचा फोटो काढूच नका, आणि चुकून हातात आला तर टाकू नका, जागेचं नाव तर अजिबात नको. एका फोटोला लाईक मिळाले की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या असतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लेन्स मोठी आहे, मी लांबूनच काढला, असं म्हणतात. तुम्ही लांबून काढला असेल, पण तो बघून जो येतो त्याच्याकडे मोबाईल असतो आणि तो जवळच जाणार. ड्रोन तर पूर्ण बंद, पक्ष्यांच्या लेखी ते वरून येणारं शिकारीच असतं. प्रीवेडिंग शूटवाले पण हल्ली काठावर खूप येतात, त्यांना बहुतेक वेळा काहीच माहीत नसतं, नीट सांगितलं तर ऐकतात, फक्त त्यांच्यासाठी दुसरी एखादी छान जागा सुचवायची तयारी ठेवा.

टिटवीबद्दल वेगळं सांगतो कारण तिचा त्रास वेगळा आहे. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, पात्रात खाली घातली की कमी, अंडी चार तर चार महिने पाऊस, असं आपल्याकडे मानतात, आणि मे महिना आला की लोक अंडी शोधून मोजायला जातात, फोटो पेपरात येतात. श्रद्धेबद्दल मला वाद घालायचा नाही, पण टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, तेव्हा मोजायला जायची गरज नाही. दुसरीकडे गाळपेर (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करणारे शेतकरी ट्रॅक्टर चालवताना टिटवीच्या घरट्याभोवती तुकडा सोडून नांगरतात हेही मी पाहिलंय, कोणी सांगितलेलं नसताना. अशा वेळी खूण करायची तर घरट्यावर काठी रोवू नका, दहा-बारा पावलं अलीकडे आणि पलीकडे दोन दगड ठेवा, ट्रॅक्टरवाल्याला कळेल आणि कावळ्याला कळणार नाही.

अंडी फुटली की काम संपलं असं समजू नका. सुरयाची अंडी तीन आठवड्यांच्या आसपास फुटतात, टिटवीला चार आठवडे लागतात, आणि पिल्लं उडायला त्याच्यापुढे महिनाभर तरी हवा. टिटवी, चिखल्या यांची पिल्लं जन्मल्याच दिवशी चालायला लागतात आणि पाण्याच्या कडेला येतात, म्हणजे नेमकं जिथे होडी लागते तिथे. धोका दिसला की पळत नाहीत, जमिनीला चिकटून गप्प पडतात, त्यामुळे पायाखाली येण्याची भीती अंड्यांपेक्षा पिल्लांना जास्त. दोरी जूनच्या मध्यापर्यंत काढायची नाही ती याचसाठी. बेट अगदी बोडकं असेल, झुडूप काहीच नसेल, तर पिल्लांना सावलीसाठी जुनी नळीची कौलं पालथी टाकून ठेवता येतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात किनाऱ्यांवर लाकडी छोटे आडोसे यासाठीच ठेवतात आणि पिल्लं त्यात जाऊन बसतात. हे पण फेब्रुवारीतच, आणि वन विभागाला विचारून.

पहिली अंडी गेली तर जोडी परत घालते, त्यामुळे लोक म्हणतात काय एवढं, पुन्हा घालतील. घालतात, पण मग पिल्लं मेअखेर-जूनमध्ये बारकी असतात आणि वळवाचा एखादा जोराचा पाऊस किंवा वरून आलेलं पाणी त्यांना गाठतं. मार्च-एप्रिलच्या पहिल्या अंड्यांतूनच खरी पिल्लं उडतात. उजनीच्या खाली भीमेच्या पात्रात तर उन्हाळ्यात सोलापूरच्या पिण्यासाठी पाणी सोडतात, तिथल्या वाळूच्या पट्ट्यांवरची घरटी त्यात जातात. पिण्याचं पाणी कोणी थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये, पण पाणी कधी सुटणार हे आधी कळलं तर कुठल्या पट्ट्यावर श्रम घालायचे हे ठरवता येतं. नदी सुरय आज जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत आहे तो याच सगळ्यामुळे, बेटं जातात, वाळू उपसली जाते आणि उरलेल्या तुकड्यावर आपण उभे असतो.

परवानगीचं शेवटी सांगतो पण करायचं सगळ्यात आधी. धरणाची जमीन जलसंपदा विभागाची आणि पक्षी वन विभागाच्या अखत्यारीतले, त्यामुळे अर्ज दोघांना, एकाच मजकुराचा, एक पान. वनरक्षकाला भेटा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक कोण आहेत ते शोधा, ते मदत करतात. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे, जैवविविधता कायदा २००२ चा आहे, कागदावर समिती बहुतेक ठिकाणी असतेच, तिला कामाला लावा आणि बेटाची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्या. आणि ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत थांबलात तर तोवर अंडी घालून झालेली असतात. ठरावात तीनच गोष्टी लिहा, फेब्रुवारी ते जून मध्य बेटावर कोणी उतरायचं नाही, त्या बाजूला कुत्री-शेळ्या न्यायच्या नाहीत, आणि राखणीला कोण बसणार त्यांची नावं. नावं लिहिली नाहीत तर कोणी बसत नाही.

नोंद ठेवायला काठावरूनच दुर्बीण लावा, बेटावर जाऊन घरटी मोजायची नाहीत. आठवड्यातून एकदा, सकाळी, किती पक्षी बसलेले दिसतात, किती पिल्लं दिसतात, त्या दिवशी कोणी उतरलं का, पाणी किती उतरलं, एवढं वहीत लिहा. जूनमध्ये ती वही मला दाखवा, पुढच्या वर्षी दोरी कुठे सरकवायची ते त्याच्यावरून ठरवू.